दुपट्यात काय भरावं

मी आतापर्यंत हाताने शिवून पूर्ण केलेली वस्तू एकच आहे, आणि तीही दुसऱ्या खेपेला जमली. बाळाच्या अंगाखाली घालायचं दुपटं. दीड हात लांब, जेमतेम हातभर रुंद. त्याबद्दल लिहावं इतकं त्यात काही आहे का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. पण ज्यांच्यामुळे ते झालं त्यांचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव वाटूरच्या अलीकडे आहे. मी रोज एसटीने परतूरला कॉलेजला जाते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. लोक त्याचं कौतुक करतात, पण मी जाऊ शकले ते वहिनीमुळे. ती लग्न होऊन आली त्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत माझं कॉलेज सुटणार हे जवळजवळ ठरलं होतं. वेचायला माणसं मिळत नव्हती. वहिनीने कोणाशी काही चर्चा केली नाही. एका सकाळी तिने भावाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला, कापूस टाकायचं फडकं कमरेला बांधलं आणि मायच्या पुढे रानात निघाली. वेचायची माझी ओळ, माझी पात, तिने धरली. तो हंगाम, आणि त्याच्या पुढचाही.

यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण वहिनीची आई ती शाळेत असतानाच वारली. माहेरी वडील आणि दोन भाऊ, बाईमाणूस नाही. म्हणून सगळं आमच्याकडेच करायचं ठरलं. आता आमच्याकडे बाळाची दुपटी आजोळहून येतात. शेजारची काकू एकदा दारात बसून, वहिनीच्या समोरच, सहज बोलून गेली, "हिची दुपटी कोन आननार मंग?" वहिनी लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हणाले, मी शिवते. काकू हसली, मायही हसली. मला सुईत दोरा ओवता येत होता, त्यापलीकडे शिवण येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपट्याच्या आत काय भरायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. घर कापसाचं. कोपऱ्यात पोत्यात थोडा कापूस उरला होता. त्यातला पांढराशुभ्र तेवढा मी निवडला आणि एकेक सरकी बोटांनी सोडवून काढली. चार दुपारी त्यातच गेल्या. मग दोन नव्या कापडांच्या मध्ये त्याचा चांगला जाड थर पसरला आणि लांब लांब टाके घातले. दुपटं फुगून वर आलं, अगदी विकतच्या रजईसारखं. मला फार बरं वाटलं. विकतचं भरण आणण्यापेक्षा आपल्या रानातलं घातलं, याचा अभिमानही वाटला असावा.

बाळाला लागणार म्हणून ते वहिनीला न दाखवता आधी धुतलं. वाळायला दोन दिवस लागले. वाळल्यावर बघते तर कापूस गोळे होऊन सगळा एका कडेला गेलेला, मधे नुसतं दुहेरी कापड. गोळ्यांत पाल्याचा चुरा राहिला होता, तो हाताला टोचत होता. वहिनीला नववा लागून आठवडा झाला होता.

परतूरला स्टँडवरून कॉलेजकडे जाताना गादीचं एक दुकान लागतं. आत पिंजायचं मशीन चालतं आणि बाहेर फळीवर एक वयस्कर बाई गाद्या शिवत बसलेली असते. सगळे तिला चाची म्हणतात. मी तोपर्यंत तिच्याशी कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते दुपटं दप्तरातून काढून तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले की मला चांगला पिंजलेला कापूस द्या, नाहीतर तो फायबरच्या भरणाचा पांढरा तागा असतो तो द्या.

चाचीने दुपटं हातात घेतलं, नखाने एका बाजूची शिवण उसवली, आत बोट घालून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "कॉलेजात जाती ना तू? मंग हे कोन शिकवलं?"

मी म्हणाले, कोणी नाही.

"दिसतंय," ती म्हणाली. पण लगेच बाजूला सरकून तिने मला बसायला जागा केली. "कपास चांगली हाय तुझी. पिंजली न्हाई म्हनून गोळा झाली. पर पिंजून दिली तरी कामाची न्हाई. रजई अंगावर घ्यायची असती बेटा, दुपटं अंगाखाली. बच्चा दिवसातून दहा बार ओलं करतो. ही जाडी सुकंल कवा?"

फायबरचा तागा तिच्या मागेच उभा होता. तो द्या म्हटलं तर तिने नुसती मान हलवली. त्यात पाणी मुरत नाही, बाळ ओल्यातच पडून राहतं, आणि अंग गरम होतं ते वेगळं, असं तिने समजावून सांगितलं. तो तागा ती मला विकू शकली असती. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं.

आत जुनं सुती कापड घालायचं, दोन घड्या, बस, असं तिचं म्हणणं. नवं कापड पाणी पीत नाही, शेकडो वेळा धुतलेलं पितं. आणि कसं ओळखायचं तेही तिने सांगितलं: कापड भिजवून पिळायचं, उन्हात टाकायचं, किती वेळात वाळतं ते बघायचं. मग ते हाताला नाही, गालाला लावून बघायचं.

मी घरी येऊन पेट्या उपसल्या. तेव्हा लक्षात आलं की कापसाच्या घरात सुती कापड जवळजवळ नाहीच. मायच्या साड्या, वहिनीच्या साड्या, पडदे, सगळं पॉलिस्टर. एक चादर निघाली, ती गालाला खरखरीत लागली. भावाचा एक शर्ट भिजवला, त्यावरून पाणी नुसतं ओघळलं. मायने विचारलं काय शोधून राह्यली, तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. तिने थोडा विचार करून मागच्या खोलीतल्या खुंटीकडे हात केला.

तिथे वहिनीचं फडकं होतं, वेचताना कमरेला बांधायचं. मुळात ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं, धोतर. अण्णा पायजमा घालायला लागल्यापासून ते रानातच वापरात होतं. वहिनीने दोन हंगाम ते रोज संध्याकाळी धुऊन वाळत घातलं होतं. मी भिजवलं, पिळलं, दांडीवर टाकलं. चहा होईपर्यंत वाळलं. गालाला लावलं आणि मला थोडा वेळ तसंच उभं राहावंसं वाटलं.

त्याच्या दोन घड्या आधीच्याच कापडांमध्ये घातल्या, आणि पुढचे दहा दिवस कॉलेज सुटलं की एसटी येईपर्यंत मी चाचीच्या फळीवर बसायचे. कडेपासून आत आत जायचं आणि टाका तांदळाएवढा ठेवायचा. तिने मला तीनदा उसवायला लावलं. चौथ्यांदा काहीच बोलली नाही, तेव्हा बरोबर आलं असावं असं मी समजले. शेवटच्या दिवशी तिने दुपटं ताणून उजेडात धरलं, एक कोपरा स्वतः पक्का करून दिला आणि म्हणाली, "जल्दी धुऊन ठेव. बच्चे सांगून येत न्हाईत."

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मायने दुपटं खाटेवर अंथरलं आणि बाळाला त्यावर ठेवलं. वहिनीने त्याची कड दोन बोटांत धरून चोळली.

"आत काय घातलं, ताई?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "आता वेचायला काय बांधू मी?"

मला ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या हंगामात सुट्टीत वेचायला मीच येईन, असं काहीतरी मी पुटपुटले. तेवढ्यात बाळाने दुपटं ओलं केलं. मायने ते धुऊन दांडीवर टाकलं, आणि बाळाखाली घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून वहिनीने स्वतःच्या साडीचा पदर दुमडून घातला.

"एकानं काय व्हतंय," ती म्हणाली. "अजून तीन तरी लागतील. आन ह्या बारीला मधले टाके जरा जवळ घाला, तिथं लांब पडलेत."

इतक्या दिवसांत वहिनीने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. सासरी ती कोणाकडेच काही मागत नसे. मी विचारलं, केवढी करू. तिने बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत एक हात नेला, वाढीसाठी वीतभर जागा पुढे सोडली आणि तिथे बोट टेकवून मला माप दाखवलं.