मायचे टाके

"आईंना जरा पदर बाजूला घ्यायला सांगा ना," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "टाक्यांची खूण दिसली की लोकांना काम कळेल."

सांगितलं मला. माय हातभर अंतरावर उभी होती.

बीडच्या एका हॉलमध्ये माझं पहिलं मोठं प्रदर्शन. आमच्या पालीच्या धरणाकाठची माती आणून मी गर्भाशयं घडवली, भट्टीत भाजली, छताला टांगली. आमच्याकडं त्याला पिशवी म्हणतात. ऊस तोडायला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी काढलेली. पोट दुखलं की खाडा पडतो, मजुरी बुडते, म्हणून. टांगलेली प्रत्येक पिशवी आमच्या गावातल्या एकेका बाईची होती. एक मायची.

हॉल मिळवून दिला, पाहुणे आणले, ते या बाईंनी. माझं पुढचं सगळं त्यांच्या हातात.

मी मायकडं वळले. म्हणाले, "दाखव ना माय. दोनच मिनिटं."

हे मी म्हणाले. दुसरं कुणी नाही.

मायनं माझ्याकडं बघितलं. मग नजर भिंतीला लावली आणि पदर सरकवला. पाच-सहा मोबाईल वर झाले. एकानं तिला उजेडाकडं वळायला सांगितलं. ती वळली. मी बाजूला सरकले, फोटोत माझी सावली पडू नये म्हणून.

एसटीतून पालीला उतरल्यावर ती म्हणाली, "डाक्टरनं बी मला इचारलं न्हवतं. तुज्या बापाला इचारून काढली. तू तर इचारायचं व्हतंस."

मला वाटलं, पदराचं बोलतेय. चुकलं, म्हणाले. त्या बाईंना मी नाही म्हणायला हवं होतं.

"त्याचं न्हाई," ती म्हणाली. "वर टांगलीस ती माजीच हाय ना? बाकीच्या बायांच्या हायत. कुणाला इचारलंस?"

कुणालाच नाही. तीन वर्षं मी त्यांचं दुखणं मळत होते आणि खाली माझं नाव लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. दिल्लीचं प्रदर्शन ठरतंय, आईंनाही आणा, त्या मधे बसल्या की कामात जीव येतो.

मी म्हणाले, "माझी माय मांडायची वस्तू नाही. तिचे टाकलेले फोटो काढायला लावा. माझं कामही दिल्लीला येणार नाही."

एवढ्यात डोक्यात हवा गेली का, त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. हॉलवर गेले, शिडी लावली, एकेक पिशवी उतरवली.

फोटो अजून फिरतायत. माय माझ्याशी कामापुरतं बोलते. माफ केलंस का, हे मी विचारत नाही. तो हक्क मी घालवला.

आता घरोघरी जाते. जिची पिशवी तिच्या हातात देते आणि विचारते, प्रदर्शनात लावू का. दोघींनी ठेवून घेतल्या. एकीनं अंगणातल्या दगडावर आपटून फोडली. मी बघत उभी राहिले.

जी हो म्हणेल तिचीच लावीन, तिच्या नावानं. कुणीच हो म्हणालं नाही, तर हॉल घेऊन रिकामा ठेवीन, आणि दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगीन.