अक्काच्या वाकळीला लावलेला गोट

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. आम्ही दोघी विधवा. अंबरपेठला दोन खोल्यांत राहतो. तिचा मुलगा विद्यानगरला असतो, चांगला आहे, न्यायला येतो. ती जात नाही. म्हणते, "तिथं मला भांड्यासारखं उचलून ठेवतात. इथं ही बाई मला शिव्या देते, बरं वाटतं."

शुगरनं तिचे डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी चेहरे गेले, मग तांदळातले खडे गेले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

तिच्या नातीचं बाहेरदेशी शिकायला जायचं ठरलं. तिकडं बर्फ पडतो म्हणे. अक्का म्हणाली, मी हिला वाकळ शिवते. पोरगी हसायला लागली.

"अय्यो आजी, बॅग वजन करून नेतात. आणि तुला दिसतं का?"

"मला कायको दिसायला पाहिजे? पांघरायची तुला आहे."

झालं, ठरलं. जुनी लुगडी काढली, माझ्या थोरल्या दिराचं, अक्काच्या नवऱ्याचं, एक धोतर काढलं, तिच्या सुनेनं एक मऊ साडी दिली. एकावर एक अंथरून कच्चे टाके मी घालून दिले. तिथून पुढं सगळं अक्काचं. आमच्यात वाकळ कडेनं सुरू करतात आणि फिरत फिरत मधोमध आणतात. तिला ओळ दिसत नव्हती. ती शिवलेल्या ओळीवर डावा अंगठा आडवा ठेवायची आणि अंगठ्याला लागून पुढची ओळ घालायची. सुई टोचली की "हां, इथंच आहे," म्हणायची. मी सकाळी भाकऱ्या झाल्या की सुया ओवून द्यायची. बस, माझं तेवढंच काम. सगळी थंडी गेली, उन्हाळा लागला, तरी ती शिवत होती. मांडीवर वाकळ घेऊन घामाघूम व्हायची, पण सोडायची नाही.

शिवण मधोमध आली तेव्हा अक्का म्हणाली, "आता कडेचा गोट तू लाव. कोपरे मला सापडत नाहीत. पट्टी दुमडून आत घ्यायला डोळे लागतात." मग म्हणाली, "नुसता गोट लाव बरं का."

मी हौ म्हणलं.

दुसऱ्या दिवशी वाकळ खाटेवर पसरली. पहिल्यांदाच पुरी पसरली होती. ओळी कुठं जवळ, कुठं लांब. एका ठिकाणी एक ओळ दुसरीवर चढलेली. एका कोपऱ्यात कापडाला चुण्या पडून ते गोळा झालेलं.

मी आयुष्यभर साड्यांना फॉल लावले. नवरा गेला तेव्हा लेक कडेवर होती, शिक्षण दुसरीपर्यंत, दुसरं काय येत होतं? आबिड्सच्या बाजारातल्या साडीच्या दुकानातून गठ्ठा डोक्यावर आणायचा, घरी बसून हातानं फॉल लावायचा, परत नेऊन द्यायचा. टाका वाकडा गेला की सेठ माझ्यासमोर दोरा ओढून काढायचा आणि साडी अंगावर टाकायचा. रडायची सोय नव्हती. हात सरळ झाला. हात सरळ झाला तसा डोळाही तसाच झाला. वाकडा टाका दिसला की मला चैन पडत नाही.

म्हणलं, ही एकच चढलेली ओळ काढू. दोरा ओढताना टर्र आवाज होतो, अक्काच्या कानाला तो कळला असता, म्हणून वाकळ गच्चीवर नेली. ती ओळ काढून सरळ घातली. सरळ घातल्यावर शेजारची आणखी वाकडी दिसायला लागली. मग ती काढली. मग चुण्यांचा कोपरा. असं करत करत मी सगळंच उसवलं. रोज दुपारी ती जरा आडवी झाली की मी वर.

"गोटाला इतके दिवस लागतात का गं?" ती विचारायची.

"लाल पट्टी कमी पडली. आबिड्सला जायचंय."

"मग जा की. इथं पाय पसरून काय बसलीस?"

मी पोरीसाठी करते, परदेशातले लोक बघतील, असं मी मनाला सांगत होते. ते अर्धंच खरं. गल्लीत माझ्या हाताचं नाव आहे. ही वाकळ माझ्या घरातनं गेली असं कुणी म्हणेल, याची मला लाज वाटत होती.

सगळं शिवून झालं. मग वाकळ खाली घरात आणून तीन बाजूंना लाल गोट लावला. चौथ्या बाजूला बसले होते तर अक्का चाचपडत आली, शेजारी बसली आणि वाकळीवर हात फिरवायला लागली. तिनं अंगठा ओळीवर ठेवला. पुढं नेला. मागं आणला. दुसऱ्या ओळीवर ठेवला.

"हे कुणाचं आहे?"

मी सुई पट्टीत खोवली.

"माझी कुठं गेली?"

"अक्का, थोडं सैल झालं होतं, म्हणून..."

"थोडं?" ती हसली. कसं हसली ते सांगता येत नाही मला. "तुझी पहिली वाकळ आठवते का तुला? कुत्रं चिखलात चालल्यासारखे टाके. सासूबाई म्हणाल्या उसव. मी म्हणलं, राहू द्या, थंडी वाजायची तर नाही ना तिच्या पोरीला? मी उसवलं का गं?"

नव्हतं उसवलं. माझी लेक तीच वाकळ पांघरून मोठी झाली.

मी सुई ओवून तिच्या हातात दिली. "ही बाजू राहिली आहे. गोटाची. पट्टी मी दुमडून धरते, तू घाल."

तिनं घेतली. वीतभर घातली असेल. टाके मोठे, कुठं पट्टीवर, कुठं पट्टीच्या बाहेर. मग हाताला कळलं असेल तिच्या. अंगठ्यानं माझे टाके चाचपले, मग स्वतःचे चाचपले. सुई मला परत दिली.

"नको. वेगळं दिसेल. लोक पोरीला हसतील."

वेगळं दिसतं हा विचार तिच्या डोक्यात आजपर्यंत नव्हता. तो मी घातला.

उरलेला गोट मी लावला. तिची वीतभर मात्र तशीच ठेवली.

पोरगी न्यायला आली. वाकळ उघडली आणि ओरडलीच, "आजी! दिसत नसताना इतकं सरळ! सुपर आजी!" मोबाइल काढला, फोटो घ्यायला लागली. मग कडेला तिचा हात थांबला. "आणि हे काय? छोटी आजी, डोळे तुझेच गेले वाटतं. गोट बघ किती वाकडा."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. मी गप्प बसले असते तर भागलं असतं. पण ती वीतभर माझ्या नावावर गेली असती, तर त्या वाकळीत अक्काचं काहीच उरलं नसतं.

"ते तुझ्या आजीचं आहे," मी म्हणलं. "तेवढंच तिचं आहे. बाकी तिनं सगळं शिवलं होतं, मी ते उसवून परत शिवलं."

पोरीनं मोबाइल खाली केला. माझ्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं. "कशाला?" एवढंच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली. "माझं चांगलं झालं नव्हतं गं. हिनं बरं केलं."

इतक्या वर्षांत त्या बाईनं आपल्या कामाला वाईट म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं. भाकरी करपली तर चुलीला शिव्या द्यायची, हाताला नाही. तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं.

पोरगी जाताना वाकळीची घडी घालायला बसली. ती वाकडी वीतभर वर येईल अशी घातली तिनं. मुद्दाम घातली का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ती गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. मी अक्काची भाकरी मोडून ताटात टाकली. एरवी ती माझा हात झटकते, मला मोडता येत नाही का म्हणते. त्या दिवशी झटकला नाही. मोडलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.