ओळख देणाऱ्याची सही

आमच्या कापडाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी मी नांदगाव पेठेहून अमरावतीला यायची आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. घर अकोल्याच्याही पुढे, एका सुट्टीत जाऊन येणं झेपायचं नाही. आणि खोलीवर आम्ही सहा जणी, निवांत बसायलाही जागा नव्हती.

त्या दिवसांत मशीन सुरू झाली की माझी छाती धडधडायची, हात गार पडायचे. घरी सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, ये परत. परत जाऊन करायचं काय? शाळा आठवीतच सुटलेली.

वाचनालयात दर गुरुवारी एक समुपदेशक ताई यायच्या, तरुण मुलामुलींचं ऐकून घ्यायला. फक्त सभासद असावं लागे. मी फॉर्म घेतला. शिक्षणाचा रकाना भीतभीतच कोरा ठेवला; ग्रंथपाल मॅडमनी फॉर्म पाहिला, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. पण खाली ओळखीच्या सभासदाची सही हवी होती. मला या गावात कोण ओळखणार? फॉर्म तीन आठवडे पिशवीतच राहिला.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "काकांना विचार ना."

काका म्हणजे माझ्या समोरच्या खुर्चीत बसणारे रिटायर मास्तर. आमचं कधी बोलणं झालेलं नव्हतं.

"काका, तुम्ही मला ओळखत नाही, पण..."

"कावून नाही ओयखत? पेपर तोंडासमोर धरून झोपणारी पोरगी तू. चार महिन्यांपासून मी त्याच पेपरची वाट पाहून राहिलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मागायचा ना, काका."

"मॅडम मागू देत नाही. म्हणते, झोपू द्या तिले, तुमी दुसरा वाचा." त्यांनी सही केली. 'किती दिवसांची ओळख' तिथे 'चार महिने' लिहिलं. "आता सभासद झाली, तं घोरू नको."

पहिले दोन गुरुवार ताईंसमोर नुसतं रडण्यात गेले. तिसऱ्या गुरुवारी शाळा का सुटली ते सांगितलं. ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. धडधड काही लगेच थांबली नाही, थकवा तर आजही आहे. पण मशीन सुरू करताना पळून जावंसं वाटायचं, ते हळूहळू कमी झालं.