प्रॉम्प्टरकाका आणि केतकीचा इतिहासाचा तास

प्रॉम्प्टरकाकांचे ओठ हलताना आमच्या मजल्यावर कोणी पाहिले नव्हते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी "गच्चीचं ते... ते आपलं..." करत अडकले की मागच्या रांगेतून हलकेच शब्द यायचा, "वॉटरप्रूफिंग", आणि सेक्रेटरी जणू स्वतःलाच आठवल्याच्या थाटात पुढे सुटायचे. मागे वळून पाहावं तर काका छताच्या पंख्याकडे बघत बसलेले. गणपतीत आरत्यांच्या गदारोळात पुढचं कडवं कोणतं यावर दोन पक्ष पडले की तेव्हाही तसंच. शब्द ज्याला हवा त्याच्याच कानाशी पोचायचा, शेजारच्याला पत्ता नसायचा. ही त्यांची विद्या होती आणि तिचा त्यांना भरपूर अभिमान होता.

काका दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी करत आणि संध्याकाळी नाटकांना प्रॉम्प्टिंग. परळ-लालबागमधल्या मंडळांची नाटकं, कामगारांच्या स्पर्धा, कचेऱ्यांचे वार्षिक प्रयोग, कोणालाही नाही म्हणाले नाहीत. विंगेत हातात संहिता घेऊन उभं राहायचं, पण डोळे संहितेवर नाही, नटाच्या मानेवर. "थांबलेलो नट आणि विसरलेलो नट सारखोच गप्प असता," ते मला त्यांच्या मालवणीत सांगायचे, "पण मान वेगळी असता. थांबलेल्याक शब्द दिलास तर त्याचा वाक्य तू चोरलंस." चहा प्यायला बसले की हे वाक्य एकदा तरी यायचंच.

त्यांच्या हॉलच्या भिंतीवर त्या नाटकांचे फोटो होते. आमच्या परळच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा, लहानपणापासून तिथेच राहिलेल्या काकांनी नव्या घरात पलंगाआधी ते फोटो लावून घेतले. राजे, वकील, दारुडे, रडणाऱ्या आया, सगळे फोटोत होते. काका एकातही नव्हते. कोणी विचारलं, "काका, तुम्ही कुठे?" तर ते फोटोच्या चौकटीबाहेर, नुसत्या भिंतीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "मी हयसर." माझी मुलगी केतकी लहान असताना हा खेळ त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची. त्या जागेवर बोटांचे डाग पडले होते.

केतकी बोलताना अडखळते. शब्द तिच्याजवळ असतो, तोंडाशी येऊन अडतो, थोडा वेळ दिला की येतो. शाळेत तिची कोणी फार टिंगल केली असं म्हणता येणार नाही. उलट सगळे मदतीला टपलेले असायचे. तिने पहिलं अक्षर काढलं की उरलेलं वाक्य अख्खा वर्ग पूर्ण करायचा. बाईंना पोर्शन संपवायची घाई, त्याही पूर्ण करायच्या. आठवी संपेपर्यंत तिने पहिलं अक्षर काढणंही सोडून दिलं. घराबाहेर मान हलवून काम भागवायला लागली. मग आम्ही तिला शाळेतून काढलं आणि दहावीला बाहेरून बसवायचं ठरवलं. नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं, ते तोंडावर आणि माघारीही.

गणित तिचे बाबा घ्यायचे, विज्ञान आणि भाषा मी. इतिहासाबद्दल मात्र तिने स्वतःच सांगितलं, की तो घरी नको, रेकॉर्ड केलेला नको, तिच्या वयाच्या मुलांबरोबर लाईव्ह हवा. शाळा सोडल्यापासून तिने आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. महेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "चांगलंय. पण जूनपर्यंत ती बाहेरच्या एकाही माणसाशी बोलायला लागली नाही, तर पुन्हा शाळा. घरात कोंडून मुलगी मुकी करायची नाहीये मला." तो चिडून बोलला नव्हता, घाबरून बोलला होता. मीही घाबरलेलीच होते.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चार दिवसांत मी इंटरनेटवरचे इतिहासाचे यच्चयावत क्लास रुखवतासारखे मांडून बसले. कोणाची बॅच किती मुलांची, कोण मराठीतून, कोण इंग्रजीतून, कोणाकडे डेमो फुकट. पहिला डेमो सुरू झाला. त्यातले सर भन्नाट वेगाने बोलत होते. प्रश्न विचारायचे, श्वास न घेता उत्तर द्यायचे आणि "क्लिअर? क्लिअर ना? चला" म्हणून पुढची स्लाईड. आमचं दार उघडं होतं. काका विरजणाला वाटी घेऊन आले होते, ते दारातच थबकले.

"हो मास्तर स्वतःच नट आणि स्वतःच प्रॉम्प्टर," ते म्हणाले. "समोरच्यान करूचा काय?"

दुसऱ्या डेमोला ते न बोलावता आले. येताना घरून स्टूल आणलं, आमच्या फ्रिजच्या कडेला मांडलं आणि जाहीर केलं, "ही माझी विंग. मी कॅमेऱ्यात येवचंय नाय." केतकी टेबलाशी, मी स्वयंपाकघराच्या दारात, काका विंगेत. या डेमोच्या सरांनी विचारलं, वास्को द गामा भारतात कुठे उतरला? आणि यादीतून नाव उचललं, केतकीचं. तिने माईक उघडला. पहिलं अक्षर अडलं. सर घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात फ्रिजकडून कुजबूज आली, "कालिकत."

"व्हेरी गुड, केतकी!" सर म्हणाले.

सत्तरी उलटलेल्या माणसाचा तो घोगरा आवाज सरांनी चौदा वर्षांच्या मुलीचा म्हणून बिनदिक्कत खपवून घेतला! केतकीने माईक बंद केला आणि हसता हसता खुर्चीवरून घसरली. कित्येक महिन्यांनी तिला असं हसताना बघून मलाही हसू आवरेना. काका मात्र गंभीर होते. "ह्या माणसाक ऐकूच येत नाय," ते म्हणाले. "दुसरो बघा."

आपली चूक झाली असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. माईक नावाची वस्तू त्यांच्या हिशेबातच नव्हती. जन्मभर कुजबूज एकाच माणसापर्यंत पोचवली, ती आता गावोगावच्या मुलांच्या कानात चालली होती.

मग एक क्लास सापडला, तो केतकीला फार आवडला. त्यात बोलायचंच नव्हतं. उत्तरं चॅटमध्ये टाईप करायची. बाई गोड होत्या, केतकीची उत्तरं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत चांगली यायची. मी तर फी भरायला फोन हातात घेतला होता. काका स्टुलावरून म्हणाले, "लिवानच भागवूचा तर लाईव्ह कित्याक गो?"

केतकीचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉप बंद केला, आत गेली आणि पुढचे दोन दिवस काकांशी बोलली नाही. मलाही त्यांचा राग आला होता. यांना काय जातंय बोलायला, असं मी महेशला म्हणालेसुद्धा. पण फी मी भरली नाही. तिच्या मौनासाठी मी एक छानशी जागा शोधून देत होते, हे मला काकांच्या त्या एका वाक्याने कळलं होतं. मे महिना संपत आला होता आणि महेश काही बोलत नसला तरी शाळांचे फॉर्म कधी मिळतात याची त्याने चौकशी केल्याचं मला माहीत होतं.

शेवटचा डेमो साताऱ्याहून शिकवणाऱ्या एका बाईंचा होता. वेबसाईट अगदी साधी, जाहिरात नाही. केतकी मनाविरुद्ध बसली. काका येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले, आणि विंगेत बसले. बाईंनी स्क्रीनवर एक जुना फोटो लावला. कुठल्याशा गिरणीचं फाटक, पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार, टोप्याच टोप्या. बाई म्हणाल्या, "यात कोण दिसतंय ते नको सांगू. या फोटोत कोण नाहीये? केतकी, तुला काय वाटतं?"

केतकीने माईक उघडला. काहीच आलं नाही. मी पदराशी चाळा करत उभी. आणि फ्रिजकडून कुजबूज आली, "मालक."

"मागून उत्तर आलं ते मी ऐकलं," बाई म्हणाल्या. "काका असाल की आजोबा, उत्तर छान आहे. पण मी केतकीसाठी थांबलेय." मग वर्गाला म्हणाल्या, "आपल्याला घाई नाहीये."

आणि खरोखरच त्या थांबल्या. घड्याळ पाहिलं नाही, हसल्या नाहीत, 'प्रयत्न कर हं' असलं काही म्हणाल्या नाहीत. काकांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घट्ट दाबून धरला होता. त्यांचे डोळे केतकीच्या मानेवर होते. मला तर वाटत होतं, पुढे होऊन लॅपटॉप बंद करावा आणि पोरीची सुटका करावी. तेवढ्यात केतकीचा शब्द सुटला.

"फोटो काढणारा."

बाईंनी 'व्हेरी गुड' म्हटलं नाही. त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "अरे! मग तो उभा कुठे असेल?" केतकी पुन्हा अडली, पुन्हा सुटली, म्हणाली की तो उंचावर असेल, कारण टोप्या वरून दिसतायत, आणि कामगाराला कोणी उंचावर चढू दिलं असतं का, म्हणजे तो त्यांच्यातला नसेल. नांदेडचा एक मुलगा म्हणाला, त्याला मालकानेच बोलावलं असेल. केतकी म्हणाली, "क-कशावरून?" आणि दोघांची जुंपली. मी ओट्याशी जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. इतके महिने टांगणीला लागलेला जीव त्या दिवशी भांड्यात पडला.

लॅपटॉप बंद झाल्यावर काका उठले. कान लाल झाले होते. "इतक्या वर्षांत माझो आवाज प्रेक्षकांत गेलो नव्हतो," ते म्हणाले. "आज पकडलो." मला वाटलं, दुखावले. पण त्यांनी स्टूल उचललं आणि म्हणाले, "हीच बाई. दुसऱ्या कोणाक बघू नका." स्टूल घरी का नेताय म्हणून विचारलं तर म्हणाले, "विंगेत आता कोण नको. आणि माझो भरवसो नाय. आख्खो जन्म थांबलंय, पण ह्या केतकी चेडवाच्या वेळेक जीभ रवत नाय."

केतकी त्यांच्यामागून त्यांच्या दारापर्यंत गेली. दोन दिवसांचा अबोला तिथे संपला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण काकांच्या घरातून भिंतीवर बोट आपटल्याचा आवाज आला आणि दोघं हसली. तिला ते उत्तर कुठून सुचलं, हे मला तेव्हा उमगलं.

महेशने शाळेच्या फॉर्मचा विषय पुन्हा काढला नाही. केतकीचं अडखळणं गेलं का, असं लोक विचारतात. नाही गेलं. ती अडखळत भांडते, अडखळत प्रश्न विचारते, आणि वाण्याकडे जाऊन अडखळत सुट्टे मागते. आम्हाला एवढंच हवं होतं. तास संपला की काका त्यांच्या उघड्या दारातून हाक मारायचे, "आज काय विचारल्यान गो?" केतकी बाईंचा प्रश्न सांगायची आणि मग त्यावर दोघांचा वाद रंगायचा. काका अजूनही बहुतेक उत्तरांत मालकाला आणायचेच.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने त्यांना कुडाळला न्यायचं ठरवलं. काकांचे शब्द हरवायला लागले होते. चष्म्याला 'ता हे' म्हणायचे, मुलाच्या नावाशी घुटमळायचे. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शब्द दिले त्यांचं असं व्हावं याचा मला फार त्रास व्हायचा, म्हणून मी भराभर शब्द पुरवत राहायचे. ते मान डोलावून तो शब्द घ्यायचे आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे.

निघायच्या दिवशी फोटो गोणपाटात बांधले होते. मुलगा सामान घेऊन खाली गेला आणि आम्ही काकांबरोबर लिफ्टपाशी उभे होतो. काकांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. "दर आयतवारी," ते म्हणाले, "माका एक..." आणि अडले.

फोन. दुसरं काय असणार? मी तोंड उघडलंसुद्धा. केतकीने माझं मनगट पकडलं आणि दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, लिफ्ट रिकामीच खाली गेली. केतकी त्यांच्या मानेकडे बघत होती.

"...प्रश्न पाठव," काका म्हणाले. आणि असे हसले, की फोटोतल्या एकाही राजाला तसं हसता आलं नव्हतं.

केतकी दर रविवारी त्यांना प्रश्न पाठवते. उत्तर कधी संध्याकाळी येतं, कधी बुधवारी, कधी दुसऱ्याच प्रश्नाचं येतं. गेल्या रविवारी तिने विचारलंय, तुमच्या लहानपणीच्या परळमधला कुठला आवाज आता ऐकू येत नाही? अजून उत्तर नाही. मी काल म्हणाले, "गिरणीचा भोंगा, आणखी काय? आठवत नसेल त्यांना, तूच लिहून टाक ना."

केतकीने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"आई," ती म्हणाली, "थांब."