शहामृग मास्तरांचा माळढोक

मामंजींनी पोह्यांची बशी स्वतःच्या हातानं माझ्यासमोर आणून ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की यांचं काहीतरी काम आहे. सासरे सुनेला पोहे आणून देतात हे सत्तर सालच्या नगरात शेजाऱ्यांनी बघितलं असतं, तर डॉक्टरलाच बोलावलं असतं.

"शालू, थंडी सोसते ना तुला?"

"सोसते की. का?"

"माळढोक बघायला जायचंय. काष्टीकडे. तू आणि मी."

तुम्ही म्हणाल, सासरे-सून पक्षी बघायला? सासूबाईही तेच म्हणाल्या, फक्त जरा मोठ्या आवाजात. पण त्यामागे बत्तीस वर्षांचं दुखणं होतं. मामंजी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. तरुणपणी त्यांनी चित्रकलेच्या वर्गात भिंतभर एक पक्षी रंगवला होता. लांबलचक पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ. खाली टपोऱ्या अक्षरांत 'माळढोक'. गणिताचे नाना मास्तर पहिल्याच दिवशी तो बघून म्हणाले, "काय हो, शहामृगाला टोपी कशाला घातलीत?" झालं! तेव्हापासून मामंजी अख्ख्या गावाचे 'शहामृग मास्तर' झाले. आजोळी असताना हा पक्षी मी या डोळ्यांनी बघितलाय, हे सांगून सांगून बिचारे थकले.

आता जानेवारीत जुन्या शिक्षकांचं संमेलन होतं आणि त्यानंतर लगेच शाळेला चुना लागायचा होता. नव्या हेडमास्तरांनी अगदी आदरानं विचारलं होतं की, ते शहामृगही पुसून घेऊ का? मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. मग पुन्हा पक्षी बघून यायचं आणि सोबत साक्षीदार न्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

"मीच का? यांना न्या ना," मी आमच्या यांच्याकडे बोट दाखवलं.

"त्याला नानांनी कधीच फितवलाय. तू आमटी खारट झाली तर आधी स्वतःच सांगतेस. मला असाच माणूस हवाय."

मी दशम्या केल्या, लसणाची चटणी बांधली, आणि सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. तिकीट तीन रुपयांच्या आत होतं, एवढं आठवतं. दौंडचा रस्ता तेव्हा असा होता की खिडकीशी बसलं तर धुरळा आणि मागे बसलं तर डोकं टपाला. मामंजींच्या गळ्यात शेजारच्या निवृत्त सुभेदारांची दुर्बीण होती. काष्टीला उतरलो तर नेमका बाजाराचा दिवस. बैलांच्या शिंगांतून वाट काढत, गुळाच्या ढेपा चुकवत आम्ही पलीकडे गेलो, गरमागरम भजी खाल्ली आणि तिथून कोसभर चालत मामंजींच्या आजोळी पोचलो.

मामंजींचे मामेभाऊ कामासाठी दौंडला गेले होते. घरी त्यांची बायको होती, सोनाबाई. पन्नाशीची, काटक, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

"आगं बया! त्येला बघाया नगरवरनं आलाव? त्यो काय बघायचाय, भावजी? रोज असतोय की माळावर."

मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू निकाल लागला. मी म्हटलं, "मी अजून काही बघितलं नाही हं."

दुपारी आम्ही माळावर गेलो. मामंजींनी खाकी कपडे घातले होते आणि मला बजावलं होतं की बोलायचं नाही, खोकायचं नाही, वाकून चालायचं. नऊवार नेसून वाकून चालून बघा एकदा! तासाभरात माझ्या लुगड्याला इतकी कुसळं चिकटली की मीच एखादं जनावर दिसत असेन. शेवटी मामंजी पोटावर आडवे झाले आणि मलाही खूण केली. मी म्हटलं, मेलं, सासूबाईंनी हे बघितलं तर? पण झाले आडवी. लांब, अगदी लांब, पिवळ्या गवतात एक तपकिरी ठिपका हलला. मामंजींनी दुर्बीण उचलली आणि ठिपका उडाला. असं तीनदा झालं.

"बघितलास ना?" त्यांनी विचारलं.

"ठिपका बघितला, मामंजी. ठिपक्याची शपथ मी घेईन. माळढोकाची नाही."

ते गुपचूप माझ्या पदरावरची कुसळं काढत राहिले. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलणार? त्यासाठीच तर मला आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई गवत आणायला बैलगाडी जुंपत होती. आमची फजिती ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आवो भावजी, सरपटत कशापायी गेलाव? गप बसून, लपून येणारा मानूस म्हंजी शिकारी, ह्ये त्येला पक्कं ठावं हाय. जीपवाले तसंच येत्यात. गाडीत बसा. आन् गप बसायचं न्हाई, मोठ्यानं बोलायचं. बोलनाऱ्या मानसाला त्यो भीत न्हाई."

"काय बोलायचं?" मामंजी गोंधळलेच.

"तुमी ऱ्हाऊ द्या. आमी बायका बोलतो."

बसलो गाडीत. सोनाबाईनं कासरा हातात धरला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मग सूनबाई, सासू कशी हाय गं तुजी?"

घ्या! सासरे मांडीला मांडी लावून शेजारी बसलेले. मी म्हटलं, "चांगल्या आहेत."

"हळू बोलू नगं. त्यो भिईल."

"चांगल्या आहेत!" मी ओरडले.

"आन् काय काय करत्यात?"

मग मी म्हटलं, आता पक्ष्यासाठी बोलायचंच आहे तर बोलू. साखरेच्या डब्याला कुलूप, माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणणं, माहेरी जायचं म्हटलं की नेमकं गुडघे दुखणं, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. सोनाबाई "व्हय का!" करत होती, बैल घुंगरं वाजवत होते, आणि मामंजींचे खांदे हसून गदगदा हलत होते. मध्येच तेही म्हणाले, "कुलपाची किल्ली देवाच्या फोटोमागे असते." चार वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

"वळून बगू नगा," सोनाबाई त्याच सुरात म्हणाली. "बोलत ऱ्हावा. डाव्या अंगाला हाय."

तिनं गाडी थांबवली नाही. थांबवली की तो उडतो म्हणे. गोल गोल, जरा जरा जवळ घेत राहिली. आणि चाळीसएक पावलांवर तो उभा होता. पांढरीशुभ्र मान, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. एक एक पाऊल मोजून टाकत होता, कुठं घाई नाही. आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा किडे टिपायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल मी काहीतरी बडबडत होते आणि रडत होते.

"मामंजी, खराच आहे हो!"

मामंजींनी दुर्बीण घेतलीच नाही. त्यांनी मांडीवर वही उघडली, खिशातली पेन्सिल काढली, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत मान मोजली. मग पाय मोजले. वर्गात पोरांना मडकं काढायला शिकवायचे तसंच. पुन्हा मोजली. मग पेन्सिल खिशात ठेवून वही मिटून टाकली. एक रेघही काढली नाही.

मलाही दिसलं होतं. हा पक्षी सोनाबाईच्या कमरेएवढा होता. भिंतीवरचा होता माणसापेक्षा उंच, आणि त्याची मान होती ती... काय सांगू, खरंच शहामृगाची होती.

"मी दहा वर्षांचा होतो गं," मामंजी हळूच म्हणाले. "मला तो एवढा दिसला होता."

माघारी सोनाबाईनं हुरडा भाजला. कोवळी कणसं, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, तळहातावर चोळून फुंकर घालायची आणि तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. तुम्ही आज गेलात तर हुरडा मिळेल, रस्ता मिळेल, काष्टीचा बाजारही मिळेल. माळढोकाची आशा मात्र धरू नका. माळाच्या जागी ऊस आला आणि तो गेला. काळवीट बघायचे तर रेहेकुरीला जा, आणि फोटो भरपूर काढा. आमच्या आळीत कॅमेरा एकच होता आणि तो लग्नालाच बाहेर यायचा.

परतीच्या एसटीत मला एकच घोर लागला होता. संमेलनात नाना मला विचारणार, आणि मी काय सांगायचं? पक्षी खरा, चित्र खोटं?

झालंही तसंच. संमेलन चित्रकलेच्या वर्गातच होतं, चुन्याच्या बादल्या बाहेर ओळीनं तयार. चहा झाल्यावर नानांनी गाठलंच. "काय सूनबाई, दिसलं का शहामृग?"

"माळढोक दिसला," मी म्हटलं. "चाळीस पावलांवरून. पांढरी मान, काळी टोपी, छातीवर पट्टा. शपथ घेऊन सांगते."

सगळे हसले. "वा! सून सासऱ्याचीच बाजू घेणार!" नाना म्हणाले. मला इतका राग आला की हातातली कपबशी मी बाकावर आपटली. अहो, खरं बोलायचं, त्यासाठी पोटावर सरपटायचं, आणि वर हे?

तेवढ्यात मामंजी उठले आणि भिंतीपाशी गेले. सवयीनं पेन्सिल काढली.

"नाना, मान चुकलीय माझी," ते म्हणाले. "दुप्पट लांब काढलीय. पायही चुकलेत. हे शहामृगच दिसतं. तुमचं बरोबर होतं."

बत्तीस वर्षांत मामंजींच्या तोंडून 'माझं चुकलं' हे कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी तर नाहीच नाही. नाना चष्मा पुसत जवळ आले. चित्राकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं. गणिताचा माणूस, त्यांना उत्तर सापडायला वेळ लागला नाही.

"म्हणजे बघितलात तुम्ही," ते म्हणाले. "खरंच बघितलात."

"बघितला."

नाना बाहेर गेले आणि एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात चुन्याची बादली घेऊन आले. साठीच्या माणसानं ती स्वतः उचलून आणली. स्टूल भिंतीला लावून ते दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"चढा, चित्रकार," ते म्हणाले. "फक्त मानेपुरताच लावा हं."