हिरव्या पेनाने दिलेले सात गुण

हिरवं पेन हातात आलं की बोरिवलीतली ती उकाड्याची शाळा आठवते. दहावीचे पेपर तपासायला मी नाहूरहून जाऊन आठवडाभर बहिणीकडे राहिले होते. निबंध होता ‘मी पाहिलेले निसर्गरम्य ठिकाण’. बहुतेकांनी गाईडमधलं महाबळेश्वर उतरवलं होतं, एकाने मात्र देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर पहाटे उतरणारे बगळे लिहिले होते. कचऱ्यात कसला आलाय निसर्ग, म्हणत मी लाल पेनाने आठपैकी दोन दिले. फेरतपासणी करणाऱ्या नियामक बाईंनी तो निबंध दोनदा वाचला. ‘अगं, महाबळेश्वरला सात-सात दिलेस, त्यातल्या किती जणांनी ते पाहिलंय? याने बगळे पाहिलेत ना!’ माझे दोन खोडून त्यांनी हिरव्या पेनाने सात लिहिले. यंदा मीच नियामक आहे. गठ्ठा आला की आधी सगळ्यात कमी गुणांचा निबंध काढते.