लिफ्टचा मेन

राजापेठेतल्या एका चार मजली कॉम्प्लेक्सचा मी मिस्त्री होतो. शिक्षण चौथी, पण त्या इमारतीची एकेक वायर माझ्या हाताखालून गेलेली. त्या वर्षांत कापसाच्या गावांकडून येणारं गिऱ्हाईक आटलं, गाळे रिकामे पडू लागले आणि मालकाला विजेचं बिल खुपायला लागलं. तो बाहेरून इंजिनिअर आणणार होता.

"इंजिनिअर कायले? मी करून दाखवतो," मी म्हटलं.

आणि करून दाखवलं. जिन्यातले पिवळे बल्ब काढले. पाण्याची मोटर आणि लिफ्ट एकदम चालली की मीटरवर जास्त भार चढतो, म्हणून मोटर सकाळीच लावून मोकळा होऊ लागलो. उन्हाळ्यात आमच्याकडे एक ते चार शटर खाली. तेवढा वेळ लिफ्टमधला दिवा-पंखा उगाच कशाला चालवायचा? मी तिचा मेन स्विचच पाडायचो. पाडण्याआधी दारावर थाप मारून ओरडायचो, "कोणी हाय का आत?"

एक दिवस मोबाइलच्या दुकानवाला हसला. "मिस्त्री, रिकाम्या डब्याले कायले हाका मारून राहिले? भूत बसलं का आत?"

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी हाक न मारताच मेन पाडला आणि जेवायला गेलो.

दोन वाजून गेल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी भेटला. लग्नसराईची शिलाई असल्यानं तो दुपारीही दुकानातच बसे.

"मिस्त्री, अम्मी दिसली का? साडेबाराले डबा घेऊन निघाली घरून. आलीच नाही."

त्याची अम्मी गुडघ्यांनी अधू. जिना ती कधी चढतच नसे.

मी पळत सुटलो. मेन वर केला. काही नाही. लोडशेडिंग लागलं होतं, आता पाचपर्यंत वीज नाही. एकेका मजल्यावर दार बडवत वर गेलो. आतून हूं नाही की चूं नाही. शिंपी मागून आला.

"लिफ्टात असन ती," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

गच्चीवरच्या खोलीत वीज नसताना लिफ्ट हातानं सरकवायचं चाक. मी ब्रेक सोडायचा, त्यानं चाक फिरवायचं. ब्रेक जरा जास्त सुटला की दुसऱ्या बाजूच्या वजनानं हलका डबा वर उसळतो. हे काम मी कितीदा केलं होतं, पण रिकाम्या डब्यावर. त्या दिवशी घामानं ब्रेकचा दांडा हातातून निसटत होता. चाक फिरवता फिरवता तो खाली वाकून "अम्मी! अम्मी!" ओरडत होता.

"बोलत कावून नाई ती, मिस्त्री?"

मी दांड्यावरची नजर काढली नाही.

तिसऱ्या मजल्यावर किल्लीनं दार उघडलं. ती खाली बसलेली, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, डबा मांडीवर. ओढणी घामानं चिंब. मला हात लावायची छाती झाली नाही. मुलानं तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा. मग पापणी हलली.

"लाइट आली का?"

"अम्मी, आवाज कावून नाई दिला?"

"लोडशेडिंग होती ना, बेटा. ओरडून लाइट थोडीच येते?"

तिला ते लोडशेडिंगच वाटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच अंधार झाला की गप बसून राहायची सवय लागली होती. मुलानं विजेवाल्यांना शिव्या घातल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "मिस्त्री, आज तुमी नसते तर!"

तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "पाणी पाजा तिले."

बिल उतरलं. इंजिनिअर आला नाही. मी परत हाक मारायला लागलो, आणि हसणाऱ्याकडे बघितलंही नाही.

अम्मी मात्र त्यानंतर मला विचारल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय ठेवीना. "मिस्त्री, तुमी खाली हाय ना?" मी "हाय" म्हणायचो आणि तिसऱ्या मजल्यावर दार वाजेपर्यंत मेनपाशी उभा राहायचो. ती होती तोवर रोज. खरं काय ते तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.